दस्तीखाली दिलेला शब्द

बाई, तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठून आलो. आता सगळ्या नांदेडला ते माहीत झालंय, म्हणून तुम्हाला माझ्याच तोंडून सांगतो.

पाहुणे मोठे होते. बोलले चांगलं. आपल्याकडची माणसं काडीसारखी बारीक, दिवसभर रानात राबणारी, तरी त्यांच्या रक्तात साखर का चढते, हा प्रश्न तुम्ही धरून ठेवलात, मोठमोठ्या लोकांनी हसण्यावारी नेला तरी सोडला नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवत होतो. मग ते म्हणाले, "आणि मॅडमची ती सुंदर उपमा, लहान गोठ्याची!"

मी उभा राहिलो. "ती बाईंची नाही. माझी आहे."

सगळं सभागृह मागे वळलं. तुमच्या हाताखाली शिकलेली ती उंच मुलगी, मनीषा, तिने माझी बाही ओढली. "आप्पा, बसा ना."

"बसतो कशाला? माल माझा, नाव दुसऱ्याचं."

बाहेर आलो. पायरीवर बसलो, बूट काढला, मोजा काढला आणि तळवा बघितला. कुणी सांगितलं नव्हतं. दर बाजाराच्या संध्याकाळी तुमचा फोन यायचा, "आप्पा, पाय बघितला का?" त्या दिवशी बाजार होता आणि फोन येणार नव्हता. पायाला काही झालेलं नव्हतं. तरी मोजा चढवायला मला बराच वेळ लागला.

माझा राग खरा होता, बाई. पण तो त्या पाहुण्यावर नव्हता, गोठ्यापुरताही नव्हता.

मी बैलांचा दलाल. कंधार, जळकोट, उदगीर, कुठलाही बैलबाजार मला परका नाही. दुसऱ्याच्या बैलांचे कासरे धरून उभा राहायचो, तिथून लातुरात स्वतःचं घर बांधलं. कुणाच्या मेहेरबानीवर नाही, या तोंडावर आणि या हातावर. आमचा सौदा तोंडाने होत नाही. खांद्यावरची दस्ती दोघांच्या हातांवर टाकायची आणि तिच्याखाली बोटं धरून भाव सांगायचा. वरून दिसतो नुसता रुमाल. आत चार बोटं की पाच, ते फक्त दोघांना कळतं. हात बोलतो, तोंड गप्प. मी बाजारात उभा राहिलो तो हाताच्या जोरावर. माझ्या हाताला फसवणारा माणूस जन्माला यायचाय, असं मी छातीठोक सांगायचो.

आणि कंधारच्या बाजारात एक दिवस मला माझ्याच हाताने फसवलं.

तुम्ही त्या दिवशी बाजाराच्या कडेला, चहाच्या टपरीजवळ टेबल टाकून बसला होता. शेतकरी दवाखान्यात येत नाही, पण बाजारात येतो, म्हणून तुम्हीच बाजारात आला होता. येणाऱ्याजाणाऱ्याच्या बोटाला टोचून साखर बघत होता. मी जाता जाता म्हणालो होतो, "बाई, इथं बैलाचे दात बघतात, माणसाचे नाही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बैल तरी दात दाखवतो."

मग माझा सौदा झाला. धर्माबादकडचा माणूस, लाल कंधारी जोडी. दस्ती टाकली, त्याने बोटं धरली, मी 'चार' समजून सौदा मोकळा केला. पैसे द्यायची वेळ आली आणि तो म्हणतो पाच. माझं डोकं फिरलं.

"जबान बदलतोस? भर बाजारात?"

"आप्पा, जबान कुठली बदलतो? बोटं मोजा की. म्या पाच दिलेत."

"आयुष्य गेलं माझं दस्तीखाली! मला शिकवतो?"

मी त्याची गचांडी धरली. माणसं गोळा झाली. तो बिचारा माळकरी, गळ्यातल्या माळेची शपथ घ्यायला लागला. तेवढ्यात तुम्ही गर्दीतून वाट काढत आलात आणि म्हणालात, "आप्पा, त्याला सोडा. तुमचा हात इकडे द्या."

तुम्ही मला टपरीपुढच्या बाकावर बसवलंत आणि डोळे मिटायला सांगितलंत. सगळा बाजार बघत होता. मी डोळे मिटले.

"आता लागलं की सांगा."

मी वाट बघत राहिलो. मग चिडलो. "लावा की आधी! उगं काय बसवून ठेवलंय?"

"लावलंय कधीचं," तुम्ही म्हणालात.

मी डोळे उघडले. नायलॉनची एक बारीक तार माझ्या बोटाच्या टोकाला टेकून पार वाकली होती. मला पत्ता नव्हता. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "साखरेनं येणारं हे बधिरपण पायापासून सुरू होतं. हातापर्यंत आलंय म्हणजे पाय कधीचे गेले असतील. बूट काढा." तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवती काळं झालं होतं. कधी मोडला, देव जाणे. मी त्याच्यावर चालत होतो, भांडत होतो.

तुम्ही स्वतः खाली बसून तो काढलात. मातीत, शेणात. वर बघून म्हणालात, "आधी त्या माणसाची माफी मागा. ओरडून साखर उतरत नाही."

मी माफी मागितली नाही. पण त्याला पाचाने पैसे दिले. तुम्ही म्हणालात, "चालेल. ही तुमची माफी."

तो पाय अजून माझ्या अंगाला आहे, बाई. हे आधी लिहितो. पुढे तकरार लिहायची आहे, तिच्यात हे दबून जायला नको.

तुम्हाला माझं गाव हवं होतं. जळकोटच्या अलीकडचं माझं जन्मगाव. तिथे घरोघरी आई, मूल, नातू, तिघांचं रक्त तपासायचं, वजन घ्यायचं, दंड आणि पोट मापायचं, आणि जन्मणाऱ्या बाळावर पुढे वर्षानुवर्षं नजर ठेवायची. तुमच्या हाताखालच्या मुली दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आल्या होत्या. कुणी दार उघडलं नाही. म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात.

मी म्हणालो, "दार उघडतो. गावाला काय मिळणार?"

तिथून आपली घासाघीस सुरू झाली. मी म्हणालो, सगळ्यांना जन्मभर औषध फुकट. तुम्ही म्हणालात, जन्मभराचं वचन मी देऊ शकत नाही, खोटं बोलणार नाही. मी म्हणालो, मग पोरांना नोकऱ्या. तुम्ही हसलात. असल्या गिऱ्हाइकाशी माझी कधी गाठ पडली नव्हती. देत काही नाही, आणि उठूनही जात नाही.

शेवटी गावातच, महादेवाच्या देवळापुढे माणसं जमली. पुढे अक्का बसली होती. तिचं नाव काशीबाई, पण सगळं गाव तिला अक्का म्हणतं. वाऱ्याने उडेल अशी बाई, आणि तिला साखर निघाली होती.

अक्का म्हणाली, "आमचं रगत नेऊन तुमी काय करून ऱ्हायलाव, ते कोण सांगंल? म्या ही अशी वाळकी काटकी. गोडाला शिवत न्हाई. सून म्हणती, बोललीस की कडूच. मग मला साखर आली कुठून?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "अक्का, हाच तर माझा प्रश्न आहे. उत्तर मला माहीत नाही. तुमच्या रक्तातून कळलं तर मी स्वतः इथे येऊन सांगेन."

मी तिथेच सौदा पकडला. "बस. एवढंच द्या, बाई. औषध नको, नोकरी नको. जे कळेल ते तुम्ही स्वतः, याच जागेवर, तोंडाने सांगायचं. बोला."

तुम्ही म्हणालात, "बोलू कशाला? तुमची दस्ती काढा."

मी तुम्हाला बोटं शिकवली होती, गंमत म्हणून. एक बोट म्हणजे एक. मोजून पाच म्हणजे पाच. आणि बोटं न धरता सगळा पंजाच समोरच्याच्या हातात ठेवला, तर आमच्यात त्याचा अर्थ होतो, तूच ठरव, माझा तुझ्यावर भरवसा. माझ्या उभ्या जन्मात दस्तीखाली बाईमाणसाचा हात आलेला नव्हता. अक्का ओरडली, "अगं बया, बाईनं दस्तीखाली हात घातला!" तुम्ही माझं एक बोट धरलंत आणि घट्ट दाबलंत. तेव्हा माझ्या हाताला अजून थोडं कळायचं. एक शब्द. तुमचा.

त्या शब्दावर सगळ्यात आधी अक्काने हात पुढे केला. मग गावाने केला.

गोठ्याची गोष्ट त्यानंतरची. माझ्या लातूरच्या घरी तुम्ही ज्वारीची भाकरी खात होता आणि मला समजावत होता, की खाल्लेल्याची साखर रक्तात येते आणि तिथून ती मांसात जाऊन बसायला हवी. मी म्हणालो, "म्हणजे साखर ही जनावरं. मांस हा गोठा. आणि तुमचं ते इन्शुलिन हा गुराखी." तुमचा घास हातातच राहिला. "पुढे?"

"पुढे काय? गोठा जन्मापासूनच लहान बांधला असंल, दावणी कमी असतील, तर गुराखी किती हाकणार? जनावरं रस्त्यावरच फिरणार. लोकांच्या भिंती पाडणार."

"आणि गुराखी?"

"ओरडून ओरडून थकंल. एक दिवस बसंल खाली."

तुम्ही उष्ट्या हाताने टाळी वाजवलीत. म्हणालात, "आप्पा, मी हे इतकी वर्षं लोकांना सांगतेय, असं कधी जमलं नाही." मग माझ्यावरच उलटलात. "तुमचाही गोठा लहानच आहे. पण तो अजून वाढवता येतो. कडब्याच्या पेंढ्या स्वतः उचला. नुसतं तोंड चालवून दंड भरत नाही." आणि मी उचलायला लागलो. बाजारात लोक म्हणायचे, आप्पाला म्हातारपणी हमालीची हौस आलीय.

पुढे तुमचं काम वाढलं. जगभरातून बोलावणी आली. लोक बारीक आईच्या पोटातल्या बारीक बाळाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, बाळ जन्मायच्या आधीच आईच्या ताटाकडे बघायला लागले. मनीषाने एकदा मोबाईलवर तुमचं परदेशातलं भाषण दाखवलं. भाषा मला कळली नाही. पण पडद्यावर गोठ्याचं चित्र आलं. आत थोडी जनावरं, बाहेर कळप. माझं नाव नव्हतं. गावाचंही नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला.

"गावाचं नाव सांगता येत नाही, आप्पा. रक्त देणाऱ्याची ओळख झाकायची असते. नियम आहे."

"मग मी तिथं रक्त म्हणून गेलो का माणूस म्हणून?"

तुम्ही म्हणालात, "दोन्ही म्हणून. तुमचं नाव घ्यायला हवं होतं. पुढच्या वेळी घेईन."

नावाचं मी तिथे सोडलं. पण मग विचारलं, गावात कधी येता? आणि तिथे आपलं जे भांडण लागलं ते मिटलंच नाही. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, दिवाळीनंतर येते. दिवाळी जायची. मी गावाकडे गेलो की पारावरची माणसं विचारायची, "आप्पा, तुमच्या बाई विमानातून उतरल्या का न्हाई अजून?" अक्का काही विचारायची नाही. नुसती बघायची. ते जास्त लागायचं. माझ्याकडे शाळा नाही, डिग्री नाही. मी दिलेला शब्द खरा होतो, एवढीच माझी कमाई, आणि ती तुम्ही अधांतरी ठेवली होती.

तुमचं म्हणणं मी आज जसंच्या तसं लिहितो. तेव्हा ते नीट ऐकून घेतलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आप्पा, आई अर्धपोटी राहिली म्हणून बाळाचं अंग असं घडलं, एवढं सांगून मी निघून आले, तर दुसऱ्या दिवशी सासवा सुनांना काय म्हणतील? प्रत्येक आजारी माणूस आपल्या आईकडे बोट दाखवेल. सांगायचं तर कुणाच्या आईवर बोट जाणार नाही असं सांगायला हवं. तसं मला अजून सांगता येत नाही."

मी म्हणालो, "बाजारात आजचा भाव आज सांगतात. उद्याचा उद्या."

"आणि बैल खोडीचा निघाला तर परत आणतात. सांगितलेलं परत आणता येत नाही."

"बहाणे आहेत सगळे! मोठ्या झालात तुम्ही!"

फोन मी आपटला. पुढच्या बाजाराच्या संध्याकाळी तो वाजला, तेव्हा उचलला नाही. त्याच्या पुढच्या वेळी उचलला. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "पाय बघितला का?" मी म्हणालो, "बघितला." त्यानंतर बरेच दिवस आपल्यात तेवढंच बोलणं होतं. किती कमी, असं तेव्हा वाटायचं.

मग कळलं, तुम्ही दवाखान्यात आहात. आजार वेगळाच निघाला, ज्यावर तुम्ही कधी काम केलं नव्हतं. मी नांदेडला आलो. मनात अजून राग होता, खोटं कशाला बोलू. पण खाटेवर तुम्हाला बघितलं आणि तुमचे दंड बघितले. आयुष्यभर लोकांचे दंड मापत आलात, बाई.

बोलायचं तुमच्यात त्राण नव्हतं. आणि मी असा माणूस, की तिथेही सौदाच काढला. "बाई, गावाला काय सांगू? तुम्ही येताय का मी सांगू?"

तुम्ही थोडं हसलात. चादर जराशी उचललीत आणि तिच्याखाली माझा हात घेतलात. दस्तीखाली घेतला होता तसा. आणि उत्तर दिलंत.

मला ते लागलं नाही.

एक बोट धरलंत की पंजा ठेवलात, माझ्या हाताला कळलंच नाही. एक बोट म्हणजे शब्द अजून तुमचा, बरी होऊन तुम्ही येणार. पंजा म्हणजे सगळं माझ्यावर सोपवलंत. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. समजलं नाही हे बाजारात दलाल कधी चेहऱ्यावर दाखवत नाही. मी मान हलवली. "समजलं, बाई." तुम्ही डोळे मिटलेत, निवांत झाल्यासारखे. त्यानंतर आपली भेट नाही.

शोकसभेनंतर मी थेट गावी गेलो. मनीषालाही घेऊन गेलो. तिच्याकडे आकडे, माझ्याकडे तोंड. महादेवाच्या देवळापुढे माणसं जमली. बाई गेल्याचं सांगितलं. बायकांनी पदर तोंडाला लावला. मग मी गोठा सांगितला. जनावरं, दावणी, थकलेला गुराखी, सगळं. गोठा आईच्या पोटातच बांधला जातो, तेही सांगितलं. लोकांना पटापट कळत होतं आणि मला आतून चढत होतं, की बघा बाई, आजचा भाव आज सांगितला की असा माल जातो.

तेवढ्यात मागून एक सासू आपल्या सुनेला म्हणाली, "ऐकलंस? तूच अंगाला काई लावून घेत न्हाईस. म्हणून थोरलं लेकरू असं किडकिडीत."

सून दुसऱ्यांदा गरोदर होती. तिने मान खाली घातली. आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, सांगितलेलं परत आणता येत नाही. तुम्ही ज्याला भ्यायलात ते माझ्यासमोर खाली मान घालून बसलं होतं.

मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी ओरडलो. "हिच्या ताटात वाढतं कोण, मावशी? ही जेवते कधी? सगळ्यांच्या मागून! टोपल्यात उरलं तर! लेकराचा गोठा हिनं एकटीनं बांधला काय? आख्ख्या घरानं बांधला! आन् ह्या मायची माय, तिची माय, दुष्काळात हौसेनं उपाशी राहिल्या काय?" मनीषा मला आवरत होती. मावशीने तोंड फिरवलं. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. तुम्ही हे ओरडल्याशिवाय सांगितलं असतं. तेवढ्यासाठीच तुम्ही इतकी वर्षं शब्द शोधत होता, हे मला त्या देवळापुढे उभं राहून कळलं.

अक्का आता फार थकलीय. डोळ्यांनी कमी दिसतं. सगळे पांगल्यावर ती म्हणाली, "माझी माय खडी फोडायला जायची, म्या पोटात हुते तवा. दोष न्हाई ना तिचा?"

"नाही, अक्का."

"बाई म्हणल्या व्हत्या?"

"हाव. बाईच म्हणल्या होत्या."

तिने मला जवळ बसवलं, माझा हात ओढून पदराखाली घेतला आणि काहीतरी दिलं. ती तोंड वर करून वाट बघत होती. मान हलवायला किती सोपं असतं, बाई. हलवणारच होतो.

"अक्का," मी म्हणालो, "माझ्या हाताला लागत न्हाई. मला कळलं न्हाई. तोंडानं सांग."

ती म्हणाली, "एक बोट दिलं, रे. पुन्यांदा येशील का, म्हणून."

मी परत जाणार आहे. मनीषाही येते म्हणाली. त्या सुनेचं बाळ झालं की वजन करायचंय. घरी आलो, पाय बघितला, ठीक आहे. पण ती चादर माझ्या डोक्यातून जात नाही. तिथेही मला एवढंच म्हणायचं होतं, आणि मी मान हलवून बसलो.

बाई, मला कळलं नव्हतं. तोंडाने सांगा.